तूर शिजेना, त्या पाण्याची कॉफी

वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीवर होते. कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या तरी डाळ दाताखाली लागली, की त्या बोअरचं पाणी ‘जड’ ठरतं. मग कोणी चिमूटभर सोडा टाकतं, कोणी हंडाभर पाणी दुसरीकडून आणतं. कॉफीच्या बाबतीत मात्र ही परीक्षा कोणी घेत नाही. कॉफी पांचट झाली की दोष पावडरीला, आणि पुढच्या महिन्यात पाकिटाचा ब्रँड बदलतो.

काळ्या कॉफीच्या कपात 98 टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. उरलेल्या दीड-पावणेदोन टक्क्यांत सगळी चव, रंग आणि कडवटपणा. म्हणजे चौकशी पाण्यापासूनच सुरू करायला हवी.

जिल्ह्याच्या पोटात बेसॉल्टचा काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांमधून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेतं. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून डाळ फुटत नाही. कॉफीत गडबड करतं ते मुख्यतः बायकार्बोनेट. कॉफीच्या चवीतला तजेला तिच्यातल्या सौम्य आम्लांमुळे असतो. बायकार्बोनेट ती आम्लं मारून टाकतं आणि उरते ती मातकट, सपाट चव. डाळीला उपयोगी पडणारा सोडासुद्धा बायकार्बोनेटच. तेव्हा डाळीचा तो उपाय कॉफीला मात्र घातक.

आकडे पाहिले तर अंतर लक्षात येतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ‘आयएस 10500’ नुसार लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चांगला. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. क्षारतेची, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटची, मर्यादाही तेवढीच. कॉफीचे जाणकार मात्र क्षारता 40 ते 70 च्या आसपास मागतात. म्हणजे आरोग्याच्या परीक्षेत पास झालेलं पाणी कॉफीच्या परीक्षेत सहज नापास होऊ शकतं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि कॉफीतज्ज्ञ मॅक्सवेल कोलोना-डॅशवूड यांनी 2014 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कॉफीतले चवदार घटक ओढून काढायला मदत करतात, बायकार्बोनेट जास्त झालं की त्यावर पाणी फिरतं.

मग जारचं आरओ पाणी वापरावं का? नुसतं नको. त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात आणि कॉफी बोचरी, अर्धवट उतरलेली लागते. आरओ आणि बोअरचं पाणी मिसळून पाहावं. प्रमाण ज्याचं त्यानं जिभेवर ठरवावं. दुसरा उपाय आजीच्या काळातला आहे. पाणी आदल्या रात्री दहा मिनिटं खळखळून उकळायचं, निवू द्यायचं आणि तळाशी बसलेला पांढरा थर तसाच ठेवून वरचं नितळ पाणी घ्यायचं. उकळताना बायकार्बोनेट मोडतं आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं. पातेल्याच्या कडेला येणारी पांढरी पुटं तीच. वाशीम शहरातल्या ज्या घरांत एकबुर्जी धरणाचं नळपाणी येतं, तिथे हा खटाटोप बहुधा लागणार नाही. धरणात साठलेलं पावसाचं पाणी बोअरच्या मानानं हलकं असतं.

पाण्यानंतर उष्णता. कॉफीला 90 ते 96 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. वाशीम समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यामुळे तिथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की काम झालं, थर्मामीटरची गरज नाही. महाराष्ट्रात कॉफीची लागवड जिथे आहे त्या चिखलदऱ्यात, अकराशे मीटरवर, तर पाणी 96 अंशांना उकळी घेतं. तिथे थांबायचंही कारण नाही.

आपल्याकडे मात्र पाणी, दूध, साखर, पावडर सगळं एका पातेल्यात घालून चहासारखं रटरट उकळायची पद्धत आहे. चहा हे सोसतो, कॉफी सोसत नाही. दाण्यातला सुमारे 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण चवीला बरा असतो तो पहिला 18 ते 22 टक्के. पुढे उतरतो तो तुरट कडूपणा. शिवाय उकळताना घरभर जो घमघमाट सुटतो, तो कपातून निघून गेलेला असतो.

उपकरण नसलं तरी अडत नाही. पाव लिटर गरम पाणी, त्यात 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे जाडसर पावडर. एकदा ढवळून झाकण आणि चार मिनिटं शांतता. मग मलमलच्या कापडातून गाळायचं. इटलीत 1929 साली पेटंट झालेला फ्रेंच प्रेस याहून वेगळं काही करत नाही, फक्त गाळणी आत बसवलेली असते. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ यांनी 1908 मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घालून पाहिला आणि कागदी फिल्टर जन्मला. त्याचा एक फायदा त्यांच्या काळात कोणालाच माहीत नव्हता: कॉफीतलं कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि कागद ते बऱ्याच अंशी अडवतो. कापड किंवा स्टीलची जाळी तेवढं अडवत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुधाची कॉफी ज्यांना हवी त्यांनी सरळ दक्षिणी स्टीलचा फिल्टर आणावा. दोन मजली डबा, वरच्याच्या तळाला बारीक छिद्रं. बारीक पावडर भरून हलकेच दाबायची, गरम पाणी ओतायचं आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. थेंबथेंब उतरलेलं डिकॉक्शन इतकं दाट असतं की तिप्पट दूध घातलं तरी हटत नाही. जायफळ शेवटी, कपावरच किसावं. त्याचं सुगंधी तेल उडून जाणारं असतं. दुधातला स्निग्धांश त्याला धरून ठेवतो, उकळी मात्र त्याला घालवते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा 42 च्या वर असताना, गार पाण्यात भिजवलेली कॉफी उत्तम. एक भाग जाड पावडर, आठ भाग पाणी, बारा ते सोळा तास. गार पाण्यात आम्लं आणि कडू घटक कमी उतरतात म्हणून चव मऊ येते. ती फ्रिजमध्येच ठेवावी; माठाजवळच्या कोपऱ्यात इतका वेळ ठेवणं धोक्याचं.

राहिली झटपट कॉफी. ती कारखान्यात आधीच उकळून, गाळून, वाळवलेली असते. घरी पुन्हा उकळून तिच्यातून नवं काही निघत नाही. गरम दुधात ढवळली की झालं. 2020 च्या टाळेबंदीत गाजलेली फेटलेली कॉफी याच पावडरीची होते, फिल्टरच्या पावडरीला तसा फेस येत नाही.

पावडर घेताना पाकीट उलटून बघा. चिकोरी मिसळलेल्या कॉफीत चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते, आणि कॉफी किती, चिकोरी किती हे पाकिटावर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ; रंग गडद, दाटपणा भरपूर, कॅफिन शून्य. दुधाच्या कॉफीत थोडी चिकोरी आवडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात गैर काही नाही. फक्त किंमत कॉफीची मोजून निम्मं मूळ घरी येत नाही ना, एवढं पाहा.