उंबरठ्यावरचा धर्मसंवाद

जव्हार-मोखाड्यातील वारली विवाहाचे विधी धवलेरी ही स्त्री चालवते. तिच्या गीतांतून देवतांना आवाहन होते. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक ‘लिहितात’ व त्यात पालघट देवी विराजते. आपल्याकडे चंदनबाला ३६,००० साध्वींच्या प्रमुख होत्या. श्वेतांबर मान्यतेनुसार १९ वे तीर्थंकर मल्लिनाथ स्त्रीच होते. धर्मकार्यातील स्त्रीचा अधिकार दोन्हीकडे मान्य आहे.

तरीही मीठ-मिरची घेण्यास आलेल्या वारली भगिनीशी आपले बोलणे मालाच्या भावापुरतेच राहते. तिची कणसरी ही धान्यदेवता. ताटात अन्न टाकणे आपणांसही वर्ज्य. संवादाचा आरंभ येथूनच व्हावा.

संवत्सरीस आपण आप्तांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. दुकानाच्या उंबरठ्यावर जिला कठोर शब्द बोललो, तिची क्षमा कधी मागितली काय?