एबीएस येईल, पण चेनचं लॉक कोण बघणार?

प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं करण्याचा मसुदा केंद्र सरकारने जून 2025 मध्ये काढला, तेव्हापासून चर्चा फिरते आहे ती गाडी कितीने महागणार याच्याभोवती. सक्ती व्हावी आणि लवकर व्हावी, असंच माझं मत आहे. पण एबीएस करतं काय? जोरात ब्रेक दाबला की त्याचा दाब क्षणभर सोडून चाक फिरतं ठेवतं. तुटलेली चेन स्प्रॉकेटमध्ये गुंतून मागचं चाक जाम झालं, तर सोडायला ब्रेकचा दाबच नसतो. तिथे कुठलंही एबीएस कामाला येत नाही. आणि चेनमधली सगळ्यात कच्ची जागा असते ती जोडाची कडी, जिला आपले मेकॅनिक नुसतं ‘लॉक’ म्हणतात.

या विषयावर छत्रपती संभाजीनगरात बोलणं गरजेचं आहे, कारण हे शहर दुचाकीवर उभं राहिलं आहे. 5 नोव्हेंबर 1985 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या बजाज कारखान्याचं उद्घाटन झालं आणि पुढच्या काळात एन्ड्युरन्स, व्हेरॉकसारखे सुटे भाग बनवणारे उद्योग इथे मोठे झाले. मायक्रोमीटर घेऊन मायक्रॉनचा हिशेब ठेवणारी माणसं इथे घरोघरी आहेत. पाळी गाठायला ती निघतात दुचाकीवरच. त्यांच्या गाडीची चेन मात्र बदलली जाते रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये, पाचच्या सुमारास, घाईघाईत. जुन्या चेनचं लॉक ‘चांगलं आहे अजून’ म्हणून नव्या चेनला ठोकलं जातं, आणि मायक्रॉन जाणणारा माणूस शेजारी चहा पीत उभा असतो.

आज चालते ती चेन हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाची देणगी. तो मँचेस्टरला आला, 1879 मध्ये चेन बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला आणि 1880 मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट काढलं. त्याआधीच्या चेनमध्ये सगळा भार पिनेच्या अरुंद पट्टीवर यायचा. रेनॉल्डने पिनेवर पोकळ बुश चढवलं, भार पिनेच्या पूर्ण लांबीवर पसरला आणि चेनचं आयुष्य वाढलं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी मूळ रचना तीच आहे. चेन सैल होते ती पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात म्हणून. 428 नंबरच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर, म्हणजे ताणून धरलेल्या 20 कड्यांची लांबी 254 मिलिमीटर. ती 259 च्या आसपास गेली, म्हणजे दोन टक्क्यांनी वाढली, की चेन संपली. अशा चेनच्या दोन कड्या काढून, नवं लॉक मारून ती आणखी चार महिने चालवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. माझा तिला ठाम विरोध आहे. लॉक नवं आणि बाकीच्या सगळ्या पिना झिजलेल्या, अशी चेन स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसतच नाही.

आता लॉकविषयी. 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांना क्लिपचं लॉक असतं. दोन पिनांची एक कडी, वरून बसणारी पट्टी आणि पिनांच्या खाचेत सरकणारी स्प्रिंगची क्लिप. चेनची ओढ घेतात पिना आणि पट्ट्या. पहिल्या गिअरमध्ये सव्वाशे सीसीच्या गाडीची चेनवरची ओढ हिशेब मांडला तर तीन-चारशे किलोच्या घरात जाते. क्लिपचं काम एकच, पट्टी बाहेर येऊ न देणं. म्हणूनच मागचं चाक तिरपं बसलेलं असेल तर चेन बाजूला ढकलली जाते आणि तो सगळा जाच क्लिपवर येतो. चेन टाइट करताना स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवायच्या त्या यासाठी.

पट्टीतही फरक असतो. काही लॉकची पट्टी बोटाने सहज बसते, काहींची दाबून बसवावी लागते. मेकॅनिकला पहिली सोपी, पण पिन आणि पट्टीच्या भोकात मोकळीक राहते आणि प्रत्येक झटक्याला ती हलते. दाबून बसणारी पट्टी जास्त भरवशाची. निवड करायची असेल तर हीच घ्यावी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नंबरात. 428 आणि 428 एच या दोन्हींमध्ये पिनांमधलं अंतर सारखंच, त्यामुळे लॉक वरवर जुळल्यासारखं वाटतं. पण एचच्या पट्ट्या जाड असतात आणि पिन लांब. साधं लॉक एच चेनला घातलं की पट्टीखाली खाच अर्धी झाकते, हातोडीने ठोकूनही क्लिप पूर्ण बसत नाही. उलट केलं तर क्लिप सहज बसते, मात्र पट्टी सैल राहून खुळखुळते. नंबर चेनच्या पट्टीवर कोरलेला असतो. तो वाचा, आणि त्याच कंपनीच्या त्याच चेनचं लॉक घ्या. रोलॉन असो की डायमंड, एकाची कडी दुसऱ्याला नको. नव्या चेनच्या पाकिटात लॉक येतंच. क्लिप एकदा काढली की तिची पकड कमी होते, त्यामुळे जुनी पुन्हा वापरू नये.

ओ-रिंगवाली चेन असेल तर लॉकसोबत चार रबरी रिंगा येतात, दोन आतल्या बाजूला, दोन बाहेरच्या. रबर पट्टीला मागे ढकलतं, म्हणून ती योग्य साधनाने दाबून खाच पूर्ण दिसेपर्यंत बसवावी लागते. जास्त ठोकली तर रिंगा चेपतात आणि जोड आखडतो. बोटाने वाकवून पाहा, शेजारच्या कड्यांइतकाच तो मोकळा हवा.

अडीचशे सीसी आणि त्यावरच्या गाड्यांना रिव्हेटचं लॉक हवं. त्यात पिनेचं टोक पोकळ असतं आणि यंत्राने दाबून पसरवलं जातं. ते छन्नी-हातोडीचं काम नव्हे. टोकाला तडा गेला तर ती कडी फेकून नवी घ्यावी. ज्या गॅरेजमध्ये हे साधन नाही तिथे मोठ्या गाडीची चेन बदलू नये, मग मेकॅनिक कितीही ओळखीचा असो.

उरतो तो क्लिपच्या दिशेचा प्रश्न. क्लिपचं एक तोंड बंद, एक उघडं. बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असायला हवं, म्हणजे खडा आदळला किंवा काही अडकलं तरी क्लिप खाचेत आणखी घट्ट बसते. उलटी लावलेली क्लिप त्याच धक्क्याने निसटू शकते. आपल्या साध्या गाड्यांची चेन पत्र्याच्या पूर्ण कव्हरमध्ये असते, त्यामुळे चूक झाली तरी मालकाला ती महिनोन्महिने दिसत नाही.

बघायचं तर पाच मिनिटं पुरतात. गाडी मधल्या स्टँडवर लावा, चावी काढून घ्या, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढा आणि मागचं चाक टायरला धरून सावकाश फिरवा. बोटं भोकात घालू नका. काळ्या तेलकट कड्यांमधून क्लिपची कडी समोरून जाईल, तिथे थांबा. भोक खालच्या बाजूला असेल तर लक्षात ठेवा, खालची चेन मागे धावते, म्हणून तिथे बंद तोंड मागच्या चाकाकडे हवं. वरच्या बाजूला तेच इंजिनाकडे. क्लिप दोन्ही पिनांच्या खाचेत पूर्ण बसलेली असावी, पट्टी सपाट असावी.

सुट्टीच्या दिवशी एवढं बघून घ्या. क्लिप उलटी, वाकडी किंवा अर्धवट बसलेली दिसली, तर दुसऱ्या दिवशी पाळीला बसने किंवा मित्राच्या गाडीवर जा. संध्याकाळी गॅरेजमध्ये गेलात की समोर उभं राहा, आणि ‘भाऊ, लॉक नवं, चेनच्याच नंबरचं’ एवढं स्पष्ट सांगा.