शाळा सुटल्यावर मैदानही सुटतं

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ ओळखला जातो तो तालमीच्या नावानं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. कुस्तीच्या आखाड्याभोवती पेठेतली पोरं जमली, त्यांची मंडळं झाली आणि त्याच मंडळांनी फुटबॉल उचलून धरला. गल्लीतल्या पोराला त्यासाठी कुठं नाव नोंदवायला जावं लागत नाही. मोठी पोरं खेळतात म्हणून तोही खेळतो, आणि शाळा संपली तरी तालीम त्याला सोडत नाही. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

कोल्हापूरपासून वीसएक किलोमीटरवरच्या कागलमध्ये सातवीतल्या एखाद्या मुलीनं फुटबॉलर व्हायचं म्हटलं, तर तिची वाट वेगळी असते. तालीम ही परंपरेनं पुरुषांची जागा. मुलीच्या पायात चेंडू येतो तो बहुतेक वेळा शाळेच्या पीटीच्या सरांमुळं. पुढं तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धा. सुब्रतो चषकात २०१२ पासून १७ वर्षांखालील मुलींचाही गट आहे. म्हणजे दहावी-अकरावीपर्यंत पायऱ्या आहेत आणि त्या चढताही येतात. मुलीच्या कारकिर्दीचा खरा पेच त्यानंतर सुरू होतो. तिचा फुटबॉल शाळेनं उभा केलेला असतो, त्यामुळं शाळा सुटली की मैदानही सुटतं.

मग हातात उरतं ते प्रमाणपत्र. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून घरचेही प्रमाणपत्र मिळेपर्यंत खेळू देतात. त्यात चूक काही नाही. पण प्रमाणपत्रासाठी खेळणं आणि खेळावर पोट भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्यावसायिक कोणाला म्हणायचं?

फिफाचा नियम याबाबत सरळ आहे. क्लबशी लेखी करार हवा, आणि खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळायला हवा. नुसता प्रवासभत्ता आणि बूट मिळत असतील, तर खेळाडू हौशीच. खेळाडू १८ वर्षांखालील असेल तर करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा चालत नाही, आणि मोजके अपवाद सोडले तर तिला परदेशी क्लबकडं जाता येत नाही. मुलीच्या करारावर सही करणाऱ्या पालकांना एवढं तरी माहीत हवं.

भारतात मुलींसाठी राष्ट्रीय लीग, म्हणजे इंडियन विमेन्स लीग, सुरू झाली २०१७ मध्ये. कोल्हापूर त्यात मागं राहिलं नव्हतं. एफसी कोल्हापूर सिटी हा संघ २०१९ मध्ये लुधियानात आणि २०२० मध्ये बेंगळुरूत उतरला होता. पण तेव्हाची लीग म्हणजे एकाच गावात तीनेक आठवड्यांत उरकलेली स्पर्धा. साखळीतच बाद होणाऱ्या संघाच्या वाट्याला पाच सामने येत. पाच सामन्यांवर कारकीर्द कशी उभी राहणार? इंग्लंडच्या विमेन्स सुपर लीगमध्ये १२ संघांच्या हंगामात प्रत्येक संघ २२ सामने खेळतो.

आपल्याकडं २०२३-२४ पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने सुरू झाले. त्या हंगामात प्रत्येक संघाला १२, तर पुढच्या हंगामात १४ सामने मिळाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०२३ मध्ये आणखी एक निर्णय घेतला. लीगमधल्या आघाडीच्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचे करार द्यावेत. महिन्याला हे साधारण साडेसव्वीस हजार होतात. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या पगाराशी घरात या रकमेची तुलना होणारच, पण तुलना करण्याजोगी रक्कम समोर आली, हेही नसे थोडके. अडचण दुसरीच आहे. या दोन्ही हंगामांत लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता. करार हवा, तर मुलीनं राज्य सोडायचं.

चार वर्षांची शिडी

सुरुवातीची वर्षं नीट मिळाली तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातल्या मुग्गोवालची मनीषा कल्याण. लुधियानाच्या ज्या लीगमध्ये कोल्हापूरचा संघ होता, ती जिंकणाऱ्या सेतू एफसीमध्ये मनीषा होती. पुढं गोकुलम केरळकडून तिनं पुन्हा विजेतेपद मिळवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मनौसला ब्राझीलनं भारताला ६-१ नं हरवलं, त्यातला भारताचा एकमेव गोल तिचा. विसावा वाढदिवस तेव्हा दोन दिवसांवर होता. २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडून ती युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. तिथं खेळलेली ती पहिली भारतीय. मुग्गोवाल काही महानगर नव्हे. फरक एवढाच की सतरा ते एकवीस या वयात तिला एकामागून एक क्लब मिळत गेले.

याच वयात शरीरही परीक्षा घेतं. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. योग्य वॉर्म-अप आणि मांड्यांचे, उडीनंतर नीट उतरण्याचे व्यायाम यांनी तो बराच कमी होतो. मात्र ते शिकवणारा प्रशिक्षक वर्षभर सोबत हवा, स्पर्धेपुरता नव्हे.

महाराष्ट्रात गुणवत्ता नाही, असं म्हणायची सोय नाही. २०२२ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात पुण्याची काजोल डिसूझा होती. त्या स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला. पण जुलै २०२५ मध्ये मोठ्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवून आशियाई चषकाचं तिकीट मिळवलं. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बास्फोरचे.

कोल्हापूरला मैदान नवं बांधायचं नाही, प्रेक्षक बाहेरून आणायचे नाहीत. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावातही फुटबॉल मुरलेला आहे. दरवर्षी लाखालाखाच्या बक्षिसांवर भांडणाऱ्या तालमींनी प्रत्येकी एक मुलींचा संघ बांधला आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं (केएसए) त्यांची हंगामभर लीग चालवली, तर कागलच्या मुलीला दहावीनंतर जायला जागा मिळेल. तालीम पोरांना जे देत आली, तेच पोरींना द्यायचं आहे: शाळा संपल्यावरही दर आठवड्याला एक सामना.