ख्रिस्ती माणसाची वाणी

भिलाई-३ च्या स्थानकावरून नागपूरकडे जाणारी गाडी दुर्ग ओलांडून पुढे गेली की राजनांदगाव लागते. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या लोहमार्गाला आगळे स्थान आहे. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास निघाले असता त्यांना गाडीत एक युरोपीय गृहस्थ भेटले. गृहस्थ राज्यकर्त्यांच्या वंशाचे. परंतु त्यांनी मोठ्या आदराने विषय काढला तो संस्कृत काव्याचा. पुढे बोलता बोलता त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांना दिली व ती वाचण्याचा आग्रह केला. दोघांनी एकमेकांची नावेही विचारली नाहीत. टिळकांनी पुस्तक उघडले आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतर इष्ट की अनिष्ट, हा आजचा विषय नव्हे. विचार करावयाचा तो त्या संभाषणाचा. तत्पूर्वी मुंबईने धर्मवाद थोडे पाहिले नव्हते. १८३१ साली रेव्हरंड जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालीत. विद्वत्ता दोन्ही पक्षांकडे होती. पण अशा सभेत समोरच्याचे बोलणे आपण ऐकतो, ते बहुधा त्यातले छिद्र शोधण्यापुरते. गाडीतल्या त्या प्रवाशाने समोरच्या माणसाला जे प्रिय, ते आधी जाणून घेतले होते. तो आदर वरवरचा असता, तर संस्कृतज्ञ टिळकांनी तो तत्काळ ओळखला असता. शिवाय, पुस्तक हाती देऊन त्याने निर्णय टिळकांवर सोडला.

ख्रिस्ती शास्त्रात वाणीविषयी इशारे पुष्कळ आहेत. याकोबाच्या पत्रात जिभेला घोड्याच्या लगामाची, तारवाच्या सुकाणूची आणि रान पेटविणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. पौलाने बोलणे कृपायुक्त आणि मिठाने रुचकर असावे, असे सांगितले. मीठ चवीपुरते घालावयाचे असते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही.

खरी कसोटी मात्र घरात लागते. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी पतीचा तापटपणा झाकलेला नाही आणि प्रेमही झाकलेले नाही. भक्तिगीते लिहिणाऱ्या कवीलाही जीभ आवरणे सोपे गेले नाही, हे वाचून आपण सावध व्हावे.

टिळकांनी पुढे अभंग आणि कीर्तन यांतून आपली श्रद्धा सांगितली. ज्या वाणीत महाराष्ट्र शतकानुशतके देवाशी बोलत आला, तीच त्यांनी आपलीशी केली. शेजाऱ्याच्या श्रद्धेला तुच्छ लेखणारा एक शब्द वर्षांचा शेजार नासवतो. भिलाईसारख्या, नाना प्रांतांच्या व नाना धर्मांच्या माणसांनी वसविलेल्या नगरीत तर ही जाणीव फार मोलाची आहे. म्हणून बोलण्यापूर्वी ख्रिस्ती माणसाने स्वतःला इतकेच विचारावे : मी याला ओळखतो काय? मी बोलेन ते माझ्या अनुभवाचे आहे काय? आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक मी याला ठेवली आहे काय?