छत्तीस सेकंदांची रात्र

मागच्या वेळी काळाबद्दल बोलताना आम्ही जरा जास्तच हवेत गेलो, अशी तक्रार आली. मान्य आहे. म्हणून आज हातात धरता येईल अशा वस्तूपासून सुरुवात करू. हा कॅमेरा, हा ट्रायपॉड, आणि ही मनगटी पट्ट्यासारखी दिसणारी वस्तू. तिच्याकडे नंतर येतो, कारण आजची सगळी गोष्ट तिच्यामुळेच घडली.

आमची निवृत्तांची एक चौकडी आहे. एक बँकेतले, एक अभियंते, एक वनस्पतिशास्त्राच्या बाई, आणि तत्त्वज्ञानाचे मास्तर म्हणजे आम्ही. अमावास्येच्या आसपास आम्ही भंडारदऱ्याच्या पलीकडे डोंगरात जातो आणि रात्रीच्या आकाशाचं टाइम-लॅप्स करतो. टाइम-लॅप्स म्हणजे काय, तर ठरावीक अंतराने एकेक स्थिर छायाचित्र घ्यायचं आणि मग ती सगळी भरभर एकामागून एक दाखवायची. तारे सरकताना डोळ्यांना दिसत नाहीत. घड्याळाचा तासकाटा सरकताना दिसत नाही तसंच. पण असं केलं की दिसतात.

हिशेब साधा आहे. शटर 20 सेकंद उघडं, मग 5 सेकंद विश्रांती. म्हणजे दर 25 सेकंदांना एक फ्रेम. रात्री नऊ ते पहाटे तीन, सहा तासांत 864 फ्रेमा. सेकंदाला 24 फ्रेमा दाखवल्या की सहा तासांची रात्र 36 सेकंदांत संपते. आकाश तासाला 15 अंश फिरतं, म्हणजे दोन फ्रेमांमध्ये तारा चंद्रबिंबाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा सरकतो. त्यामुळे गती तुटक वाटत नाही.

सामानाची यादी लोक फार विचारतात. लेन्स रुंद हवी, आमची 20 मिलिमीटरची आहे, छिद्र एफ 2.8. 500ला लेन्सच्या मिलिमीटरनी भागा, जो आकडा येईल त्याहून जास्त सेकंद शटर उघडं ठेवलं तर ताऱ्याचा ठिपका न राहता रेघ होते. आमच्या लेन्सला 25 येतात, आम्ही 20वर थांबतो. आयएसओ 3200. ऑटोफोकस बंद करा, अंधारात तो चाचपडत बसतो. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून हातानं फोकस जुळवायचा आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. व्हाइट बॅलन्सही एकच ठेवा, नाहीतर रात्रभर आकाश रंग बदलत राहतं. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाची सोय आठवणीनं बंद करा. ती चालू राहिली तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आणखी एक काळी फ्रेम घेत बसतो आणि सगळा ताल बिघडतो. रॉ फाइलींना 24-25 जीबी जागा लागते. कॅमेऱ्याची बॅटरी सहा तास पुरत नाही, बाहेरून वीज द्यावी लागते. बाकी टोपी, स्वेटर, थर्मास.

आता एक प्रश्न. कॅमेरा जमिनीला जखडला म्हणून तारे फिरताना दिसतात. तो ताऱ्यांना जखडला तर? लडाखमध्ये हान्लेला सुमारे 4,500 मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तिथले अभियंते दोर्जे आंगचुक यांचा 2025च्या सुरुवातीला आलेला व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात तारे स्थिर आहेत आणि जमीन, डोंगर सगळं कलंडत जातं. पाहताना पोटात खड्डा पडतो. आर्यभटानं इ.स. 499च्या सुमारास हेच सांगितलं होतं. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. आपल्याकडे आहे, आणि तरी आपण 'सूर्य उगवला' असंच म्हणतो. म्हणावं, त्यात काही बिघडत नाही. फक्त कॅमेरा कशाला बांधलाय ते माहीत असावं.

आता ती पट्टी. कार्तिक अमावास्येची गोष्ट. पूर्वेला मृग नक्षत्र वर येत होतं, फ्रेमच्या तळाशी डोंगराखालचा पाडा, त्यातल्या एका घराच्या ओटीवर एकच बल्ब. आकाश निरभ्र असलं की लेन्सची काच आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, भोवतालच्या हवेपेक्षा गार होते आणि तिच्यावर दव धरतं. त्यासाठी ही गरम होणारी पट्टी लेन्सभोवती गुंडाळायची आणि पॉवर बँकेला जोडायची. पट्टी गुंडाळली होती. पॉवर बँक मात्र कुणीतरी काढून आपला फोन लावला होता. कोण ते सांगत नाही, पण चौघांपैकी तत्त्वज्ञान शिकवणारा एकच होता. लक्षात येईपर्यंत 40 मिनिटं गेली. 96 फ्रेमा, नुसतं धुकं. दाखवताना ती 4 सेकंदं होतात.

आम्ही दुसऱ्या रात्रीही राहणार होतो. ट्रायपॉड हलवला नाही. तारे रोज सुमारे 4 मिनिटं आधी उगवतात, तेव्हा दुसऱ्या रात्री तोच भाग 4 मिनिटं आधी टिपला की तारे जागच्या जागी बसतात. अभियंत्यांनी घरी येऊन त्या 96 फ्रेमा जोडल्या. सांधा शोधूनही सापडेना. बाई म्हणाल्या, हे बरोबर नाही. बँकवाले म्हणाले, दर फ्रेमनंतरची 5 सेकंदं तरी कुठे टिपली आहेत? 864 गुणिले 5, रात्रीतली 72 मिनिटं तशीही गायबच आहेत की! आम्हाला तो युक्तिवाद आवडला. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँनं 1907 साली केलेली तक्रारही अशीच होती, की आपली बुद्धी सिनेयंत्रासारखी स्थिर चित्रं गोळा करते आणि गती वरून घालते. तो दाखला देऊन आम्ही बाईंना गप्प केलं. तर्क शिकवण्यात आयुष्य गेलं की हे जमतं.

मग एका शाळेत तो व्हिडिओ दाखवला. आकाशाबद्दल कुणाला शंका आली नाही. चौथीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आजोबा, त्या घरातला दिवा मध्येच कुणी बंद केला?"

दुसऱ्या रात्री पाड्यावर लोडशेडिंग होतं. आम्ही आकाश जुळवलं होतं, जमिनीकडे पाहिलंच नव्हतं. आम्ही उत्तर दिलं, "बाळ, वीज गेली होती." ती खाली बसली.

वाक्य खरं होतं. वीज गेलीच होती. फक्त त्या रात्री नव्हे.

बँकवाल्यांच्या 72 मिनिटांचं उत्तर आम्हाला परतीच्या वाटेवर सुचलं. ती 5 सेकंदं रिकामी आहेत, त्यांच्या जागी आम्ही दुसरं काही ठेवलेलं नाही. आणि रात्र 36 सेकंदांत संपत नाही हे चौथीतल्या मुलीलाही ठाऊक असतं. वेगाची लबाडी उघड असते. जोडलेली रात्र उघड नव्हती. बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, हे शाळेत सांगायचं होतं. त्या शाळेत आम्ही पुन्हा गेलो नाही. ती मुलगी आता सातवी-आठवीत असेल.

फुकटच्या फ्रेमा आम्ही काढून टाकल्या. आता दिवे मालवा. मृग डोंगरावर आल्यावर 4 सेकंद पडदा काळा होईल. प्रोजेक्टर बिघडला असं समजून कुणी उठू नका.