वैद्य-संशोधकाचे स्वातंत्र्य आणि अनुदान : रक्तशास्त्राच्या संदर्भात

'अनुदान' हा शब्द तासगावच्या परिसरात कोणास समजावून सांगावा लागत नाही. द्राक्षबागेत ठिबक सिंचनाचा संच बसवावा, त्याची कागदपत्रे कृषी खात्याकडे दाखल करावीत आणि खर्चाचा काही अंश शासनाकडून मिळावा, हा या शब्दाचा तेथील रूढ अर्थ होय. या व्यवहारात वस्तू डोळ्यांपुढे असते, तिची किंमत ठरलेली असते आणि तिचा उपयोगही पूर्वीच सिद्ध झालेला असतो. हाच शब्द संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या द्रव्यास लावला जातो, तेव्हा त्याच्या अर्थात मूलभूत फरक पडतो. येथे जे विकत घ्यावयाचे ते एखाद्या व्यक्तीच्या मनातील प्रश्नाचे उत्तर असते. ते अद्याप अस्तित्वात नसते, आणि ते मिळेलच अशी हमी देणारा व घेणारा यांपैकी कोणीही देऊ शकत नाही. वैद्यकीय संशोधनाच्या, विशेषतः रक्तशास्त्राच्या, अर्थव्यवस्थेत हा फरक नीट लक्षात न घेतल्यामुळे जी एक उणीव राहून जाते, तिचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयात मराठीत तीन शब्द वापरले जातात : शिष्यवृत्ती, अधिछात्रवृत्ती आणि अनुदान. पहिल्या दोहोंतील 'वृत्ती' म्हणजे उपजीविकेचे साधन. शिष्यवृत्ती या शब्दात गुरू गृहीत आहे. प्रश्न गुरूचा, प्रयोगशाळा गुरूची, आणि शिष्याने काही काळ पोटाची विवंचना न करता शिकावे एवढीच अपेक्षा. याच्या दुसऱ्या टोकास अनुदान आहे. ते ज्याच्याजवळ पद आहे, जागा आहे, पूर्वीचे प्रकाशित कार्य आहे, अशा प्रस्थापित संशोधकास मिळते. या दोहोंच्या मधली अवस्था, म्हणजे शिष्यत्व संपले आहे परंतु आचार्यत्व आलेले नाही ती, 'अधिछात्रवृत्ती' या शब्दाने दाखवावयाची. तथापि वैद्यकीय व्यवहारात हा शब्द रुळला नाही. तेथे 'फेलोशिप' हाच शब्द चालतो, आणि त्याचा प्रचलित अर्थ बहुधा एखाद्या उपशाखेतील रुग्णचिकित्सेचे प्रगत शिक्षण असा असतो. म्हणजे ज्या पायरीविषयी येथे विचार करावयाचा आहे, तिला वैद्यांच्या भाषेत स्वतःचे नावदेखील उरलेले नाही. ज्या अवस्थेस नाव नाही तिच्यासाठी तरतूद मागणेही कठीण जाते.

ही पायरी कोठे येते हे एका कल्पित उदाहरणाने सांगता येईल. तासगावचा एखादा विद्यार्थी जवळच्याच मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयामुळे सांगली जिल्ह्यातील मुलांना वैद्यकीय शिक्षणासाठी पुण्यामुंबईस जाण्याची आवश्यकता उरली नाही. पदवी व आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे, औषधवैद्यक विषयातील पदव्युत्तर अभ्यासाची तीन वर्षे आणि रक्तशास्त्रातील अतिविशेष पदवीची आणखी तीन वर्षे असा हिशेब केला, तर मधल्या प्रवेशपरीक्षा आणि शासकीय बंधपत्राची सेवा सोडून देऊनही त्याने तिशी गाठलेली असते. या काळात त्याला संशोधनाची चव मुळीच लागत नाही असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधनाची शिष्यवृत्ती चालविली आहे. पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधही लिहावा लागतो. परंतु ही सर्व शिष्यत्वाची साधने होत. पुढे तो एखाद्या रुग्णालयात रुजू होतो, तेव्हा बाह्यरुग्ण विभाग, कक्षातील रुग्ण, रात्रपाळी आणि अध्यापन यांत त्याचा दिवस संपतो. प्रस्थापित संशोधकांसाठी असलेले अनुदान त्याला मिळत नाही, कारण स्वतंत्र कार्य दाखवावयास नसते. आणि स्वतंत्र कार्य होत नाही, कारण त्यासाठी लागणारा वेळ नसतो. या दुष्टचक्रातून बाहेर पडण्यासाठी त्याला यंत्रापेक्षाही अधिक निकड असते ती दोन गोष्टींची : चिकित्सेच्या कामातून मोकळा केलेला वेळ आणि स्वतःचा प्रश्न स्वतःच्या नावाने हाती घेण्याचा अधिकार.

हा प्रश्न सर्व वैद्यकशाखांचा असला तरी रक्तशास्त्रात तो विशेष तीव्रतेने जाणवतो. रक्त ही शरीरातील अशी ऊती आहे की जी रुग्णास फारशी इजा न करता पुनःपुन्हा काढून तपासता येते. ज्याने रुग्णाची नाडी पाहिली त्यानेच सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तपेशी पाहाव्यात, ही या शास्त्राची जुनी रीत आहे. साहजिकच या शास्त्रातील अनेक प्रश्न प्रयोगशाळेत नव्हे, तर रुग्णाच्या खाटेशी उद्भवले. ज्याचा रुग्णाशी संबंध नाही त्याला ते सुचले नसते, आणि ज्याला प्रयोगशाळा उपलब्ध नाही त्याला ते सोडविता आले नसते.

मुंबईच्या इतिहासात याची दोन ठळक उदाहरणे आढळतात. पहिले डॉ. ल्यूसी विल्स यांचे. लंडनमध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी व्यवसायाऐवजी संशोधनाचा मार्ग पत्करला आणि १९२८ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्या हिंदुस्थानात आल्या. १९११ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या मातामृत्यूविषयक चौकशीत त्यांनी मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम केले. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होतो आणि त्यात रक्तपेशी आकाराने मोठ्या होतात, ही गोष्ट त्यांनी अभ्यासास घेतली. संसर्ग हे कारण नसून आहारातील उणीव हे कारण असावे असे त्यांच्या ध्यानात आले. प्राण्यांवरील प्रयोगांनंतर यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी दाखविले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य काही काळ 'विल्स घटक' या नावाने ओळखले जाई. पुढे ते फॉलिक आम्ल म्हणून निश्चित झाले.

या घटकाची पुढील वाटचालही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मद्रास येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये अमेरिकेस गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये जीवरसायनशास्त्रात महत्त्वाचे काम केले. तथापि तेथे त्यांना कायम पद मिळाले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषधनिर्मिती संस्थेत गेले आणि तेथे त्यांना स्वतःचा गट उभारता आला. त्या गटाने फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले आणि त्यास विरोध करणारी द्रव्येही सिद्ध केली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन वापरून बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांमध्ये तात्पुरता उतार पडतो असे १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. गिरणीकामगार स्त्रियांच्या पंडुरोगापासून बालकांच्या कर्करोगापर्यंतचा हा प्रवास कोणत्याही अर्जात आधी लिहून देता आला नसता. विल्स यांना चौकशीसाठी मिळालेली मोकळीक आणि सुब्बाराव यांना मिळालेला स्वतःचा गट या दोन गोष्टी मात्र त्यास अवश्य होत्या.

दुसरे उदाहरण 'मुंबई रक्तगटा'चे. ज्यांचे रक्त ए, बी, एबी वा ओ यांपैकी कोणत्याच गटाशी जुळत नाही अशा व्यक्ती मुंबईत आढळल्या. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी त्यांचा अभ्यास केला आणि लंडनमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. ओ गटाच्या रक्तपेशींवर ए व बी ही प्रतिजने नसली तरी त्यांचे पूर्वद्रव्य असलेले एच हे प्रतिजन असते. मुंबई गटात तेही नसते, आणि रक्तद्रवात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणून अशा रुग्णास ओ गटाचे रक्तही चालत नाही. त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. जगात अत्यंत विरळ असलेला हा गट महाराष्ट्र व त्याला लागून असलेल्या प्रदेशात तुलनेने अधिक आढळतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न सांगली-साताऱ्याच्या रुग्णालयांनाही किती जवळचा आहे हे समजून येईल.

हा शोध रुग्णालयातील निकडीतून निघाला. त्याचे विश्लेषण पूर्ण होण्यासाठी लंडनच्या तज्ज्ञांचे साहाय्य लागले. पुढे १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झाले. १९४९ मध्ये रिसर्च फंड असोसिएशनचे रूपांतर होऊन अस्तित्वात आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे हे केंद्र कालांतराने राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्था म्हणून विस्तारले. आजही ते के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात आहे. १९५२ च्या निबंधाचे एक लेखक भाटिया हे पुढे या संस्थेचे संचालक झाले. येथे द्रव्य एखाद्या प्रकल्पास नव्हे, तर स्थायी स्थानास मिळाले, आणि त्या स्थानामुळे पुढील पिढीस स्वतःचे प्रश्न हाती घेता आले.

खाजगी दानाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये लेडी टाटा स्मारक निधी स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग देशोदेशींच्या रक्तकर्करोगविषयक संशोधनासाठी आणि उरलेला भाग भारतातील रोगनिवारणाच्या संशोधनासाठी राखलेला आहे. हा निधी एका व्यक्तीच्या दुःखातून निर्माण झाला. परंतु त्याचे दान कोणा एका संस्थेपुरते किंवा देशापुरते बांधले गेले नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

मधल्या पायरीसाठी स्पष्टपणे आखलेली योजना भारतात त्यामानाने उशिरा आली. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि इंग्लंडमधील वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये 'इंडिया अलायन्स' ही संस्था सुरू केली. तिच्या अधिछात्रवृत्तींत चिकित्सा व सार्वजनिक आरोग्य यांसाठी वेगळा विभाग आहे आणि प्रारंभिक व मध्यम अशा टप्प्यांची कल्पना त्यात केलेली आहे. ही वृत्ती व्यक्तीस मिळते, आणि संशोधनाचा खर्चही तिच्याबरोबर येतो. या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्यता दिली. त्यासाठी योजिलेल्या १,५०० कोटी रुपयांपैकी १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे व ५०० कोटी वेलकम ट्रस्टचे आहेत.

अमेरिकेत हाच प्रश्न आधी चर्चिला गेला. डॉ. जेम्स वाइनगार्डन यांनी १९७९ मध्ये चिकित्सक-संशोधक ही नामशेष होऊ घातलेली जात आहे असा इशारा दिला होता. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या 'के-०८' या अनुदानात वैद्याच्या व्यावसायिक वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ संशोधन व त्यासंबंधीच्या शिक्षणासाठी राखावा लागतो, आणि तशी हमी त्याच्या संस्थेस द्यावी लागते. मार्गदर्शक असतो, परंतु अखेरीस वैद्याने त्याच्यापासून वेगळे व्हावे अशी अपेक्षा असते. अमेरिकन रक्तशास्त्र संघटनाही शिक्षणातून स्वतंत्र संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र पारितोषिके देते. या योजनांतील रकमेपेक्षा वेळेची अट अधिक महत्त्वाची आहे. द्रव्य मिळाले, परंतु कक्षातील कामाचा भार तसाच राहिला, तर अनुदानातून उपकरणे येतात आणि ती दुसऱ्याच कोणाच्या प्रश्नासाठी वापरली जातात.

म्हणून अनुदान देणाऱ्याइतकीच वैद्याला नोकरीवर ठेवणारी संस्थाही या व्यवहारात भागीदार असते. रुग्णांची रीघ लागलेल्या शासकीय रुग्णालयाने एका डॉक्टरास आठवड्यातील काही दिवस मोकळे ठेवावयाचे म्हणजे त्याचे काम इतरांनी करावयाचे. त्यासाठी बदली माणूस हवा आणि त्याचा पगारही हवा. हा खर्च कोणी सोसावा, हा या प्रश्नातील सर्वांत अवघड भाग आहे. रुग्णसेवा हे प्रथम कर्तव्य होय, हा आक्षेप पोकळ नाही. परंतु विल्स यांनी वेळ काढला नसता तर गरोदर स्त्रियांच्या त्या रक्तक्षयाचे कारण समजण्यास किती विलंब लागला असता, याचाही हिशेब त्याच तराजूत घातला पाहिजे.

तासगावच्या बागाईतदारास हा हिशेब अपरिचित नाही. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर वेलीवर विक्रीयोग्य असे काहीच दिसत नाही. मजुरी, खत व पाणी यांवर खर्च मात्र चालूच असतो. तथापि त्याच महिन्यांत काडीतील डोळ्यांत घडांची निर्मिती होते, आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर ते बाहेर पडतात. उन्हाळ्यात पीक दिसत नाही म्हणून ज्याने पाणी तोडले त्याला पुढील हंगामात घड मिळत नाहीत. शिष्यवृत्ती आणि अनुदान यांच्या मधली वर्षे ही वैद्य-संशोधकाच्या जीवनातील अशीच वर्षे होत. त्यांच्यासाठी 'अधिछात्रवृत्ती' हा शब्द मराठीत उपलब्ध आहे. वैद्यकीय महाविद्यालयांनी तो निश्चित अर्थाने स्वीकारावा, त्यात राखीव वेळेची अट अंतर्भूत मानावी आणि आपल्या आस्थापनेत तशी तरतूद करावी. म्हणजे मिरजेस शिकलेल्या डॉक्टरास रुग्णाच्या खाटेशी सुचलेला प्रश्न तेथेच सोडून द्यावा लागणार नाही.