वेबसाईट करायची आहे? आधी कोड, की आधी साईट?



मी आयटीवाला, त्यामुळे मंडळाच्या जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास येतो. "अरे, वेबसाईट करायची आहे. प्रोग्रॅमिंग शिकू, की ते तयार टूल वापरू?"

माझा उलट प्रश्न असतो: साईट हवी आहे, की विद्या?

गेल्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका काकूंनी विचारलं. त्यांना हवे होते पदार्थांचे फोटो, दर आणि फोन नंबर. त्यांना सांगितलं, विक्स किंवा गूगल साइट्स घ्या. एका शनिवार-रविवारात साईट उभी राहते. सर्व्हरची काळजी कंपनी घेते. त्यासाठी सहा महिने कोड शिकत बसलात तर दिवाळी निघून जाईल!

त्यांच्या मुलीला मात्र हे चालतं कसं याची उत्सुकता होती. तिला म्हटलं, नोटपॅड आणि ब्राउझर पुरे, खर्च शून्य. एचटीएमएलने पानाचा सांगाडा होतो, सीएसएसने रंगरूप येतं, जावास्क्रिप्टने पान हलतं-बोलतं होतं. याच क्रमाने शीक. कुठल्याही पानावर राइट-क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' बघ, तोच पहिला धडा.

पण तयार टूल म्हणजे भाड्याचं घर, हे विसरू नका. याहूने २००९ मध्ये अमेरिकेतली जिओसिटीज बंद केली, तेव्हा हौशी लोकांची लाखो पानं तिथून उठली.

मी आधी ज्या गावात होतो, तिथल्या मंडळाचा दिवाळी अंक अशाच एका फुकट सेवेवर होता. पासवर्ड एकाच स्वयंसेवकाकडे, आणि तो नोकरीनिमित्त दुसरीकडे गेलेला. सेवा बंद होणार असल्याची सूचना त्याच्या जुन्या ईमेलमध्ये पडून राहिली. त्या अंकात एका आजोबांनी आपल्या गावाच्या आठवणी लिहिल्या होत्या. आजोबा आता नाहीत आणि लेखाची दुसरी प्रतही नाही.

म्हणून काहीही निवडा, तीन गोष्टी पाळा:

१. डोमेन स्वतःच्या किंवा मंडळाच्या नावावर घ्या. टूल बदललं तरी पत्ता तोच राहतो.
२. पासवर्ड निदान दोघांकडे असू द्या.
३. मजकूर आणि फोटोंची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे कुठेही नेला तरी वाचता येईल.

सुरुवात टूलने करा. ते अपुरं पडेल त्या दिवशी कोड शिकायला खरं कारण मिळेल, आणि कारण असलं की शिकणं सोपं जातं.

अडलात तर पुढच्या कार्यक्रमात भेटूच, त्याच रांगेत!